टिंब दिसून राहिलं का?

रविवार, डिसेंबरातला पहिला. सकाळी सहा. राजाराम पूल, कर्वेनगरकडचे टोक. हजर : लेले, सौरभ, भाऊ आणि मी. उशिरा : कोणी नाही. गैरहजर : ज्यांनी आदल्या संध्याकाळी आमच्या गटावर ‘नक्की येतो’ असे लिहिले होते ते सगळे.

भाऊंची सुरुवात नेहमीसारखीच झाली. सायकल स्टँडवर, हेल्मेट डोक्यावर आणि फोन धरलेला हात आभाळाकडे. अजून न उगवलेल्या सूर्याला निरांजन दाखवावे तसा फोन ते हळूहळू गोल फिरवत. उपग्रहाला आपण नीट दिसलो पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. मग घरी फोन.

“टिंब दिसून राहिलं का?”

पलीकडून वहिनींचे उत्तर आम्हा सगळ्यांना ऐकू येई. “हाव. पुलावर दिसून राहिले. निघा आता.”

एवढे झाल्याशिवाय भाऊंचा पाय पेडलवर पडत नसे. तुम्ही रविवारी पहाटे त्या पुलावरून कधी गेला असाल, तर आभाळाला फोन दाखवणारा एक उंच, पोट सुटलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. तेच ते.

भाऊ मूळचे वर्ध्याकडचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी, तिथल्याच क्वार्टरमध्ये संसार आणि निवृत्तीनंतर मुलाच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये मुक्काम. उभा जन्म पुण्यात काढूनही त्यांची भाषा वर्ध्याहून हलली नव्हती. सायकलही तशीच. मुलाने हौसेने गिअरची सायकल घेऊन दिली होती. ती पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या आवरणाखाली उभी असे आणि भाऊ कारखान्याच्या काळातली काळी, दांड्याची सायकल चालवत. गिअर का नको, असे विचारले की म्हणत, “एवढे निर्णय मले सकाळी सकाळी झेपत नाहीत जी.”

टिंबाची भानगड अशी. आमच्यात यायच्या आदल्या वर्षी भाऊंच्या हृदयात जाळी बसवली होती. डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर सायकल चालवायला परवानगी दिली, चढ मना केला आणि तळलेले, तिखट बंद केले. वहिनींनी त्यात आपली एक अट घातली. भाऊ कुठे आहेत ते त्यांना घरबसल्या नकाशावर दिसले पाहिजे. टिंब हलते आहे तोवर सायकल. ज्या दिवशी टिंबाने घोटाळा केला, त्या दिवशी सायकल भंगारवाल्याला.

वहिनी हे हसत म्हणाल्या होत्या, पण त्या तसे करतील याबद्दल भाऊंना शंका नव्हती. आम्हालाही नव्हती.

आता आमच्या गटाबद्दल. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आहे. वेळापत्रके लावणे हा माझा व्यवसाय आणि, घरच्यांच्या मते, माझा आजारही. त्यामुळे गटाची व्यवस्था आपोआप माझ्याकडे आली. त्या हिवाळ्यात मी ठरवले की सगळ्यांनी मिळून सायकलफेरी नोंदवणारे एकच अ‍ॅप वापरायचे. तोवर प्रत्येकाचे अ‍ॅप वेगळे आणि त्यामुळे प्रत्येकाचे पुणेही वेगळे. खडकवासल्याला जाऊन आलो की सौरभ सगळ्यांत लांब गेलेला असे, मी मधेच कुठेतरी आणि लेले सगळ्यांत कमी.

“चाके शेजारी शेजारी होती,” लेले म्हणत. “बहुधा माझे रस्ते आखूड असतात.”

लेले हे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा जन्म पेठेतला आणि मतेही. सौरभ आयटीतला, आमच्यात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वेगवान. त्याचे केशरी चिन्हाचे अ‍ॅप प्रत्येक चढावर तुमची अनोळखी लोकांशी शर्यत लावून द्यायचे. माझ्या निळ्या अ‍ॅपचे नकाशे उत्तम, पण ते बॅटरी अशी खायचे की परत येताना घरी कळवायलाही फोन उरत नसे. लेल्यांकडे जे होते ते फुकट होते आणि ते तसे वागतही असे. चौथे हिरवे. ते भाऊंच्या मुलाने त्यांच्या फोनमध्ये टाकून दिले होते.

मी तुलनेचा तक्ता केला. अंतर, चढ, बॅटरी, नकाशा, फुकटात काय मिळते असे रकाने आखले आणि सगळ्यांना पाठवला. सौरभने वेगाचा रकाना मागितला. लेल्यांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका कळवल्या. भाऊंचा फोन आला.

“ताई, त्याच्यात टिंबाचा रकाना नाही.”

“लाइव्ह लोकेशन ना? टाकते.”

“पहिला टाका. बाकीचे मागाहून.”

मी टाकला, पण शेवटी टाकला. त्यांच्यासाठी तो तक्ता एकाच रकान्याचा होता, हे मला तेव्हा पुरते उमगले नव्हते.

तर तो डिसेंबरातला रविवार तक्त्याच्या परीक्षेचा होता. चौघांनी चार अ‍ॅप सुरू करून खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत जायचे आणि परत यायचे, असा सरळ कार्यक्रम मी आखला होता. त्यात मिसळ नव्हती. पण किरकटवाडीच्या पुढे एक मिसळीचे हॉटेल आहे आणि तिथे आले की भाऊंची सायकल आपोआप डावीकडे ओढ घेई.

अडचण एकच होती. ते हॉटेल वहिनींना नकाशावर पाठ झाले होते. टिंब तिथे थबकले की मिनिटभरात फोन वाजे. “काऊन थांबले?” भाऊ पंक्चरचे कारण देत. एकाच जागी इतकी पंक्चर होतात म्हटल्यावर रस्त्याबद्दल तक्रार करा, असेही वहिनींनी एकदा सुचवले होते.

त्या दिवशी भाऊंनी नवा बेत रचला. हॉटेलाशी आल्यावर त्यांनी आपला फोन सौरभच्या जर्सीच्या मागच्या खिशात घातला.

“पोट्ट्या, हे टिंब जरा चौपाटीपर्यंत फिरवून आण. हळू जा, माह्या वेगानं. तोवर माहं होते.”

लेले म्हणाले, “अहो, लोक कुत्रं फिरवायला देतात.”

सौरभ गेला. मिसळ आली. भाऊ मिसळ खात तेव्हा बोलत नसत. डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर एरवी कीर्तनात शेवटच्या अभंगाला दिसतो तो भाव. हॉटेलवाल्याचा रस्सा त्यांच्या मते फिका होता आणि ते तसे दर वेळी सांगत, पण तसे सांगायला दर वेळी जातही.

इकडे सौरभ चौपाटीपर्यंत माझ्या कार्यक्रमाप्रमाणे वागला. तिथे त्याच्या स्वतःच्या अ‍ॅपने त्याला कळवले की सिंहगडाच्या चढावरचा त्याचा वेगाचा विक्रम कोणीतरी मोडला. एवढे वाचल्यावर हा मुलगा थांबणे शक्य नव्हते. पाठीच्या खिशात भाऊंचा फोन आहे हे विसरून त्याने डोणज्याच्या दिशेने जी सायकल हाणली, ती थेट गडाच्या रस्त्याला लावली.

आम्हाला यातले काही माहीत नव्हते. माहीत होते फक्त वहिनींना.

माझा फोन वाजला. वहिनींचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. ओरडणे नाही, रागावणे नाही; एकेक शब्द सांभाळून ठेवल्यासारखा.

“ताई, हे गडावर चढून राहिले. फोन उचलत नाहीत. तुम्ही मागं असाल तर त्यांले थांबवा. मी काही बोलणार नाही म्हणा. सायकल विकणार नाही म्हणा. फक्त खाली उतरा म्हणा.”

मी समोर पाहिले. भाऊंच्या हातात पावाचा तुकडा होता. पलीकडे कोण आहे ते त्यांनी ओळखले होते आणि ते मान हलवून, डोळ्यांनी मला विनवत होते. पंक्चर सांगा, काहीही सांगा.

मी काहीच सांगितले नाही. फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. वहिनी पुन्हा म्हणाल्या, “ताई, ऐकून राहिल्या ना? टिंब वरच चाललं जी.” शेवटच्या शब्दाला आवाज चिरकला.

भाऊंनी पाव खाली ठेवला. हात पुसले. फोनकडे वाकले.

“अगं, मी गडावर नाही. मी इथं खाली आहे. मिसळ खाऊन राहिलो.”

शेजारच्या टेबलावरचे लोकही खायचे थांबले.

मग वहिनी म्हणाल्या, “पाव किती झाले?”

“दोन.”

“तीन,” लेले म्हणाले. ते खोटे सहन करत नाहीत.

“तिथंच बसा,” वहिनी म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

त्या रिक्षाने आल्या. घरातल्या साडीवर स्वेटर, पायात मुलाच्या चपला. भाऊ उठून उभे राहिले. वहिनींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले, हाताला हात लावून पाहिला, मग खुर्ची ओढून बसल्या आणि स्वतःसाठी एक मिसळ मागवली. सगळी खाल्ली. आम्ही तिघे शाळेतल्या मुलांसारखे समोर बसून होतो.

वाटी पालथी केल्यागत रिकामी करून त्या म्हणाल्या, “रस्सा फिका आहे. याच्यासाठी एवढं?”

आणि हसू लागल्या. आधी त्या, मग भाऊ, मग आम्ही. वहिनी हसताहसताच डोळे पुसत होत्या आणि भाऊ त्यांना पाण्याचा पेला पुढे करत होते.

तेवढ्यात सौरभ आला, घामाने निथळत, विजयी मुद्रेने. भाऊंचा फोन टेबलावर ठेवला तर त्यावर रंगीत कागदांची उधळण चालली होती. हिरव्या अ‍ॅपने भाऊंचे अभिनंदन केले होते. सिंहगडाचा चढ, साठीच्या वरचा गट, पहिला क्रमांक.

लेल्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. “जाळी चांगल्या प्रतीची दिसते,” ते म्हणाले.

माझ्या तक्त्याचा निकाल वहिनींनी तिथेच लावला. हिरवेच ठेवायचे. “ते बिचारं खरं बोललं. खोटा माणूस होता.” पण टिंबावरचा त्यांचा भरवसा त्या दिवशी संपला. भाऊंची सायकल विकली गेली नाही. पुढच्या रविवारी पुलावर आलो तर भाऊंच्या शेजारी वहिनी उभ्या होत्या, प्लॅस्टिकच्या आवरणातून बाहेर काढलेली ती गिअरची सायकल घेऊन. वर्ध्याला असताना शाळेत सायकलनेच जात होते, एवढेच त्यांनी सांगितले. पुलाचा चढ त्यांनी पहिल्या दिवशी चालत काढला, पुढच्या खेपेला सायकलवरून, आणि महिनाभरात त्या लेल्यांच्या पुढे असत. लेल्यांनी याचा दोष आपल्या अ‍ॅपला दिला.

भाऊंनी मात्र फोन आभाळाला दाखवायचे सोडले नाही. फरक एवढाच की आता ते विचारायला घरी फोन करावा लागत नसे. ते शेजारी पाहत. “टिंब दिसून राहिलं का?” वहिनी आपला फोन न उघडताच म्हणत, “दिसून राहिलं. चला.” मिसळीवर महिन्यातून एकदा असा तह झाला. पावांची मोजणी लेल्यांकडे.

राहिली ती गडाची नोंद. ती खोटी होती आणि खोटी नोंद राहू देणे माझ्या स्वभावात नाही. लेले तर दर रविवारी विचारत, “काढलीत का हो?” भाऊंनी पासवर्ड मला देऊन टाकला होता. “तुम्हीच काढा ताई. मले ते बटन सापडत नाही.” मी यादीत लिहून घेतले.

दरम्यान शहरातले साठी ओलांडलेले सगळे सायकलवाले भाऊंच्या मागे लागले. त्या नोंदीखाली येरवड्याच्या कोणा गृहस्थांनी लिहिले, सर, आपला आहार कळेल का? भाऊंनी उत्तर दिले होते : मिसळ, दोन पाव.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता दोघे वर्ध्याला कायमचे राहायला गेले. घर केव्हाच बांधून तयार होते. पुणे सुटत नव्हते. निघायच्या दिवशी टेम्पोच्या टपावर दोन सायकली बांधलेल्या होत्या, काळी आणि गिअरची. लेले म्हणाले, “चढ नसलेल्या गावी चाललात. विक्रम इथेच ठेवून जा.” आणि झटकन वळून चेन तपासत बसले. चेनला काही झाले नव्हते.

आता रविवारी पुलावर हजेरी घ्यायच्या आधी मी हिरवे अ‍ॅप उघडते. पवनारच्या रस्त्यावर दोन टिंबे चाललेली असतात, एक जरा पुढे, एक जरा मागे. मागचे कोणाचे ते मला ठाऊक आहे. वाटेत एका जागी दोन्ही थांबतात आणि बराच वेळ हलत नाहीत. तिथे तर्रीपोहे चांगले मिळतात, असे वहिनींनी कळवले आहे. कोणी फोन करून विचारत नाही.

परवा मी ती नोंद काढायला खरोखरच बसले होते. खाली कोणीतरी नवीन लिहिले होते, काका, फार जवळ आलो होतो, पुढच्या वेळी तुम्हाला गाठतो. त्याखाली वर्ध्याचे उत्तर : शाब्बास. हळू जा. उतरल्यावर घरी फोन कर.

लेल्यांनी हल्ली विचारणे सोडले आहे. काल मीच सांगितले की अजून राहिलेच आहे. ते “बरं” म्हणाले आणि पुढे गेले.

या आठवड्याची कामे : सौरभला सुटी ट्यूब देणे, झाले. लेल्यांच्या मागच्या दिव्याला सेल आणणे, झाले. भाऊंची गडाची नोंद काढणे, बाकी.