बांधावरचा फुटबॉल

अमेरिकन फुटबॉल हा खेळच नव्हे, बांधावरून पेटलेली भाऊबंदकी आहे, असं ठामपणे मानणारा जगात एकच माणूस असेल, आणि तो खराडीत, माझ्या भाड्याच्या खोलीच्या बरोबर खाली राहतो. आमचे घरमालक आजोबा. त्यांच्या शेतावर आता आयटी पार्क आहे आणि तिथेच मी नोकरी करते. "म्हंजी माझ्या ज्वारीत बसून काम करतीस तू," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. यावर काय बोलतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी "हो" म्हणाले.

आधीचा भाडेकरू जाताना त्यांच्या टीव्हीवर कसलीशी परदेशी वाहिनी लावून देऊन गेला. एका सकाळी चहा पिताना आजोबांनी पाहिलं, की काही माणसं साखळी घेऊन मैदानात धावत आली आणि चक्क जमीन मोजायला लागली. "अगं, मोजणी आली!" ते आजींना ओरडून म्हणाले, आणि तेव्हापासून त्यांनी एकही सामना सोडलेला नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं म्हणजे शेजाऱ्याचा बांध कोरायचा. पट्ट्यांचा शर्ट घातलेला पंच म्हणजे महसुलातले सर्कलसाहेब, आणि त्याने पिवळा रुमाल फेकला की तो एसटीतल्यासारखी जागा धरतोय. खेळाडूंना हेल्मेट कशाला, हे विचारायची त्यांना कधी गरजच वाटली नाही. "बांधाच्या भांडनात पयलं डोकंच फुटतं."

अडचण एकच, कॉमेंट्री इंग्रजीत. जानेवारीत बाद फेरी सुरू झाली तेव्हा त्यांनी मला दारात गाठलं. "इंग्रजी शाळंतली ना तू? मग सांग, काय काय झालं." मी मोबाइलवर सामन्यांचे वृत्तांत वाचायला लागले. शब्द सगळे कळायचे, वाक्य एकही नाही. "निळ्यांना तिसऱ्या डाउनला जमलं नाही," मी सांगायचे.

"डाउन म्हंजी?"

"खाली."

"खाली कोन?"

"कोणीच नाही, आजोबा."

"मग निळं हरलं कशानं?"

मी पुढच्या बातमीवर गेले. "लाल संघाला या आठवड्यात बाय आहे," असं सांगितलं तेव्हा ते दचकले. "त्या दांडग्यांच्यात बाय?" मी घाईघाईने म्हटलं, की बाय म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत. "मग वशिला म्हन की," ते म्हणाले. मला ते पटलंसुद्धा.

उपांत्य सामन्यात पांढरे अगदी शेवटी वीतभर कमी पडले. साखळी आली, मोजणी झाली, सामना गेला. मला वाटलं, मोजणी बघून आजोबा खूश होतील. त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "आमच्यात बी तेवढंच निघालं," मग म्हणाले. समोरच्या घरात त्यांचे धाकटे भाऊ राहतात. दोघांच्या बांधाची मोजणी झाली तेव्हा वीतभर जमीन आजोबांच्या बाजूने निघाली, आणि तेव्हापासून भाऊ त्यांच्याशी बोललेले नाहीत. तो बांध आता आमच्या ऑफिसच्या पार्किंगखाली आहे.

"फायनलला त्याला बोलाव," आजोबा टीव्हीकडे बघत म्हणाले.

"मी?"

"मग काय मी जाऊ?"

मी डिलिव्हरीवाल्याला फोन करण्याआधीसुद्धा वाक्य मनात पाठ करते. इथे तर कोणतं वाक्य पाठ करावं तेही कळेना. तरी गेले. धाकटे आजोबा ओट्यावर बसले होते. "कशाला? पंचनाम्यावर सही पायजे का त्याला?"

"नाही. फुटबॉल आहे."

त्यांनी सरकून मला ओट्यावर जागा करून दिली. "आत्तापतूर काय झालंय त्यात?"

थोरल्यासमोर अडाणी दिसायची त्यांची तयारी नव्हती, एवढं मला समजलं. मी निळे, लाल, पांढरे, डाउन, बाय असं सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोघंही सारखेच गोंधळलो. पांढऱ्यांच्या उपांत्य सामन्यापाशी मी अडखळले.

"थांबलात का ताई? वीतभर कमी पडलं आसंल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यो उगं न्हाय बोलवायचा."

फायनलच्या दिवशी पहाटे ते आले आणि दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला बसले. "च्या घेतो का ईचार त्याला." "साखर कमी म्हनावं." मी मराठीचं मराठीत भाषांतर करत मध्ये बसले होते. तेवढ्यात एका लाल खेळाडूच्या हातून चेंडू गेला.

"टाकला त्यानं," थोरले म्हणाले.

"टाकला न्हाय दादा, हिसकला," धाकटे एकदम बोलून गेले.

आजींचा हात कपबशीवर तसाच राहिला.

"तुला काय कळतंय?"

"तुझ्यापक्षा जास्त."

पुढे ते चेंडूवरून बैलांवर गेले, बैलांवरून वडिलांवर. फायनल कोण जिंकलं, मला सांगता येणार नाही. मला कुणी विचारलंच नाही. आता संध्याकाळी मी ऑफिसातून येते तेव्हा खालचं दार उघडं असतं आणि विहीर नक्की कुणी खणली यावर आत दोघांचा वाद रंगलेला असतो. मी जिना जरा पाय वाजवतच चढते, कुणी आत बोलावलंच तर.