कोणास वाचून दाखवलंस?

मुलांनी पुस्तक परत आणलं की अक्का ते आधी उलटं धरून झटकायच्या. बसचं तिकीट, मोरपीस, केसांची पिन, एकदा तर डोशाचा वाळलेला तुकडा. पडेल ते टेबलावर नीट मांडायच्या आणि चष्म्यावरून पाहत विचारायच्या, “कोणास वाचून दाखवलंस गे?” आवडलं का, समजलं का, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

तंजावरच्या आमच्या शाखा वाचनालयात त्या ग्रंथपाल होत्या आणि मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली. तुम्ही आमची मराठी ऐकलीत तर हसाल. चाल तमिळ, शब्द तुमच्या पणजोबांचे. लिहायची झाली तर आम्ही ती तमिळ अक्षरांत लिहितो, कारण देवनागरी वाचणारे इथे थोडेच. अक्कांनी मुलांच्या तमिळ चित्रपुस्तकांत पानापानाखाली अशाच मराठीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. सरकारी पुस्तकाला डिंक लावायची परवानगी नाही, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, “डिंक तर माझा आहे.”

दर शनिवारी अक्का मुलांना चटईवर बसवून वाचून दाखवायच्या. त्याला आठेक वर्षांची एक मुलगी न चुकता यायची. घरी आईबाप मराठीत बोलत, ही तमिळमधून उत्तर देई. तिला एकच पुस्तक हवं असायचं. सायकलवरून घरोघर पुस्तकं पोचवणाऱ्या ग्रंथपाल बाईंचं. त्यात पूर येतो आणि बाई पुस्तकांची पेटी डोक्यावर घेऊन पाण्यात उतरतात. त्या पानावर ती बराच वेळ थांबायची.

त्या शनिवारी अक्कांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला. “यारुम् इल्लै,” ती म्हणाली. कोणीच नाही.

“मग दाखवून ये. त्याशिवाय परत घेणार नाहीं.”

मुलीने जरा विचार केला. डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाला दाखवलं तर चालेल का, असं तिने तमिळमध्ये विचारलं.

“कान आहेत ना त्यास? मग झालें तर.” अक्कांनी हसत पुस्तक तिच्या पिशवीत सरकवलं. नोंदही केली नाही. मी समोर बसले होते. मीही हसले.

दुपारी चार वाजता तिची आई धावत आली. कापडदुकानातली पाळी संपवून ती घरी गेली, तर मुलगी घरी नव्हती. आमच्याकडून तर ती अकरालाच निघाली होती.

जूनचे दिवस. कालव्याला नुकतंच पाणी सोडलेलं, काठोकाठ. आम्ही तिघीही तिकडेच वळलो. पाण्याखालच्या पायरीला एक लहानशी लाल चप्पल अडकली होती. अक्का साडीसकट गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि ती उचलून वर धरली.

“तिची नाही,” आई म्हणाली.

अक्का पायरीवर बसल्या. चप्पल हातात तशीच. एवढ्यात आईने फोन करून बोलावलेले मुलीचे वडील पोचले, आणि त्यांना पाहून अक्का एकदम म्हणाल्या, “तुमच्या घरीं डोळ्यांनी दिसत नाहीं असें कोण आहे?”

“माझी आई. पण ती गावी असते, पापनाशमच्या पुढे.”

म्हातारीचा फोन बंद होता. बसस्टँडवर एका कंडक्टरला आठवलं: पिशवी पोटाशी धरलेली एक मुलगी, एका बाईच्या शेजारी बसलेली. इथे साध्या बसला बायकामुलींना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे कोणी हटकलं नव्हतं. पण ती कुठे उतरली, ते त्याला सांगता येईना.

मुलगी परतली तर घरी कोणीतरी हवं म्हणून आई मागे राहिली. आम्ही ऑटो केली. वडील पुढे ड्रायव्हरला चिकटून बसले होते. मागे न वळताच ते म्हणाले, “तिला काही झालं असलं, तर मी तुम्हाला सोडणार नाही.”

“सोडूं नका,” अक्का म्हणाल्या.

गावातल्या घराचं दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं. वडिलांनी हाक मारली, ओ नाही. मग परसातून आवाज आला. नारळीखाली दगडावर म्हातारी बसली होती आणि तिच्या पायाशी मुलगी वाचत होती. मराठीत. अडखळत, पण मराठीत.

वडिलांनी धावत जाऊन हात उगारला आणि त्याच हाताने तिला छातीशी ओढून ते रडायला लागले. म्हातारीला काहीच ठाऊक नव्हतं. ती रागावली. “अरे, पुढें काय झालें तें सांगूं दे ना तिला! ती बाई अजून पाण्यांतच उभी आहे.”

मी अक्कांकडे वळले, तर त्या तिथे नव्हत्या. कुंपणाबाहेर ऑटोत जाऊन बसल्या होत्या.

सोमवारी तक्रार आली. मागोमाग अधिकारी आले. त्यांनी चिठ्ठ्या पाहिल्या, नोंदवही पाहिली. “मुलीला तुम्ही पाठवलंत?” असं त्यांनी विचारलं. ती नुसती थट्टा होती, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी अक्काच बोलल्या, “होय. मी पाठवलें.” मग मी गप्प बसले. ते अजून सलतं.

पुढच्या आठवड्यात वडील तक्रार मागे घ्यायला आले. बरोबर गावच्या म्हातारीने दिलेलं केळफूल होतं. पण कागद वर गेला होता. अक्कांची बदली जिल्ह्याच्या कोठारात झाली. तिथे पुस्तकं गठ्ठ्यांत असतात आणि वाचक कोणी येत नाही. उरलेल्या दिवसांत मुलं पुस्तकं परत आणत होती, अक्का ती न झटकता, काही न विचारता कपाटात ठेवत होत्या. एकदोघं मुलं टेबलापाशी घुटमळली, मग निघून गेली.

त्या गेल्यानंतरच्या शनिवारी मुलं नेहमीसारखी चटईवर येऊन बसली. मी आयुष्यात कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. हाताला लागलं ते पुस्तक घेऊन सुरुवात केली. दुसऱ्या पानावर लक्षात आलं की ती मुलगी माझ्याकडे पाहतच नाही, दाराकडे पाहते आहे. मग आणखी एक मान वळली, मग आणखी एक. मी वाचत राहिले. पान संपलं तेव्हा मीही रिकाम्या दाराकडे पाहिलं.