दिवस मावळायच्या आत तीन तांबे

शिवाजी पेठेतल्या पद्मावतीला काळजी करायला कारण लागत नसे. पण सासऱ्यांच्या पोटाची काळजी मात्र उगाच नव्हती. तिची आई पेठ वडगावात दोन वर्षं "पोट साफ होत न्हाई गं" एवढंच म्हणत होती. कुणी एरंडेल दिलं, कुणी ओवा दिला, आणि निदान झालं तेव्हा आतड्यातली गाठ लिंबाएवढी झाली होती. त्यानंतर सहा महिन्यांत आई गेली. तेव्हापासून घरात कुणी पोट धरलं की पद्मावतीचं काळीज लक्कन हलायचं.

म्हणून श्रावणात तिचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे तात्यासाहेब सकाळी संडासात अर्धा अर्धा तास बसू लागले, तेव्हा तिने त्यांना सरळ संयोगिता डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या.

"गाठबीठ काही न्हाई. जेवणात चोथा कमी पडतोय. फायबर वाढवा. पालेभाज्या, गाजर, मुळा..."

"चातुर्मास हाय डॉक्टर," पद्मावती म्हणाली. "पालेभाजी बंद. आणि कंदमुळं तर आम्हा जैनांत बारा महिनं न्हाईत."

"मग पीठ चाळू नका. आख्खी कडधान्यं करा, इसबगोल द्या. पण हळूहळू वाढवा. घरात आणखी कुणाला त्रास हाय का?"

"न्हाई," ती म्हणाली. जरा घाईनेच.

हळूहळू हा शब्द काही तिच्या कानात शिरला नाही. पद्मावतीचं सगळंच उतावळं. त्याच संध्याकाळी पिठाची चाळण माळ्यावर गेली. दुसऱ्या दिवसापासून कोंड्यासकट चपात्या, हुलग्याची उसळ, सालीसकट दोडका आणि वर जवसाची चटणी. तिचा नवरा जिनेश ताटाकडे बघून म्हणाला, "अगं, आम्ही माणसं हाय, म्हसरं न्हवं." तिने त्याच्या ताटात आणखी एक चपाती वाढली. तात्यासाहेब मात्र सगळं संपवत. सुनेचा जीव कशात अडकलाय ते त्यांना ठाऊक होतं.

आता या घराची एक रीत. दिवस मावळला की जेवण नाही. तात्यासाहेबांचा नेम त्याहून कडक: एकेचाळीस वर्षं त्यांनी दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता. त्यामुळे लोक झोपताना घेतात तो इसबगोल त्यांना साडेसहालाच घ्यावा लागे. उन्हं उतरलेली, चूळ भरायची घाई. पद्मावती दोन चमचे इसबगोल वाटीभर पाण्यात कालवायची, आणि तात्या तो लापशीसारखा गिळून हात जोडायचे.

दहा दिवसांत पोट सुधारायचं सोडून पार बिघडलं. चार दिवस झाले, काहीच नाही. पोट तट्ट फुगलं आणि तात्यांनी ताट बाजूला सारलं. पद्मावतीला समोर तात्या दिसेनात, आई दिसायला लागली. सकाळी दहाला ती पुन्हा डॉक्टरांपुढे बसली होती.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "तात्या, दिवसात पाणी किती पिता?"

"जेवताना. दोन येळचं मिळून तांब्याभर."

"आणि एवढा कोंडा?" डॉक्टर पद्मावतीकडे वळल्या. "अहो, कोंडा पाणी पितो. त्याला पाणी मिळालं न्हाई तर तो आत वाळून बसणार. आता कोंडा, इसबगोल बंद. हे औषध घ्या आणि भरपूर पाणी, रात्रीसुद्धा. उलटी झाली तर लगेच दवाखाना. उद्या सकाळपर्यंत पोट हललं न्हाई तरी भरती करायचं."

"रात्रीचं न्हाई," तात्या म्हणाले. डॉक्टर काही बोलणार तोवर ते चप्पल घालायला उठलेही होते.

म्हणजे आपल्याच हाताने आपण हे केलं. रस्ताभर पद्मावतीच्या डोक्यात हेच घुमत होतं. नेम मोडा म्हणावं, तर म्हाताऱ्याच्या एकेचाळीस वर्षांवर पाणी. न म्हणावं, तर उद्या काय होईल? घरात शिरताना तिने घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते.

"तात्या, दिवस मावळायला अजून लई येळ हाय की," ती म्हणाली. "तवर तीन तांबे संपवायचे."

तिने पाणी उकळलं, गाळलं, निववलं. दर अर्ध्या तासाला ती पेला घेऊन उभी. तात्या कुरकुरले, एकदा चिडलेही, पण प्यायले. जिनेशचे दुकानातून पाच फोन आले. पाचही वेळा ती "अजून न्हाई" एवढंच म्हणाली. चारनंतर ती पोटापेक्षा उन्हाकडेच जास्त बघत होती. शेवटचा पेला रिकामा झाला तेव्हा पावणेसात व्हायला आले होते.

सकाळी ती संडासाबाहेर बोळात उभी राहिली. लाज वाटायची वेळ केव्हाच निघून गेली होती. बऱ्याच वेळाने आत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला, आणि तात्यासाहेब बाहेर आले.

"झालं," ते म्हणाले. "जा, पेठंत दवंडी पिटून ये."

पद्मावती हसली आणि हसता हसता भिंतीला टेकून रडायला लागली. तात्यांनी तिला रडू दिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन कालचाच तांब्या भरून आणला आणि तिच्यापुढे ठेवला.

"डॉक्टरीण त्या दिशी इचारत हुती, घरात आणखी कुणाला तरास हाय का. तू न्हाई म्हणालीस."

पद्मावतीने पदराने डोळे पुसले.

"माझी खोली संडासाला लागूनच हाय, पद्मा. तू किती येळ बसतीस, मला कळत न्हाई व्हय? किती महिनं झालं?"

"सात," ती म्हणाली. इतके दिवस तिने हा आकडा स्वतःलाही सांगितला नव्हता. तपासलं तर काय निघेल, याचीच तिला भीती होती.

"तुझ्या आईनं सांगिटलं तरी हुतं. तू तर तोंडबी उघडलं न्हाईस." तात्यांनी तांब्या तिच्याकडे सरकवला. "पाणी पी. मग चप्पल घाल. आज मी येतो तुझ्यासंगं."

तिने तांब्या दोन्ही हातांनी उचलला.