दाबून भरलेला कप

मुळगावच्या प्रभावतीचा बाथ, म्हणजे रव्या-नारळाचा केक, गावात नावाजलेला. तिचं माप म्हणजे घरचा चहाचा कप. तुयेच्या एका कारखान्याच्या कँटीनने तिच्या बचतगटाकडे दर आठवड्याला वीस केक मागितले, तेव्हा तिने गटातल्या तिघींना कृती शिकवली. तिघींनी आपापल्या घरचे कप घेतले. एकीचा केक दगडासारखा झाला, दुसरीचा मधोमध बसला आणि तिसरीचा कापताना भुगा झाला.

"ती तुझ्या हाताची चव गो, आमकां जमचें ना," त्या तिघींतली सुलोचना म्हणाली.

"हाताचं काही नाही. माप कुठंतरी चुकतंय, ते मी शोधून काढणारच."

दुसऱ्या दिवशी प्रभावती आपला कप घेऊन वाण्याच्या दुकानात गेली. रिकामा कप काट्यावर ठेवून तिने आकडा शून्यावर आणायला लावला. कपभर रवा एकशे सत्तर ग्रॅम भरला, साखर दोनशे. घरून आणलेला किसलेला नारळ मात्र सैल भरला तर ऐंशी आणि तिच्या सवयीने दाबून भरला तर सव्वाशे! आपण नारळ दाबून भरतो, हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

"चूक माझीच गो," तिने गटात सरळ कबूल केलं आणि सगळी कृती ग्रॅममध्ये लिहून दिली.

रविवारी चौघींनी तोलून केक भाजले आणि एका टेबलावर मांडले. त्यातला आपला कोणता, हे प्रभावतीलाही ओळखता आलं नाही. ती मनापासून हसली.