साठ म्हणजे पासष्ट

सुरतेतल्या उधन्याच्या त्या खान्देशी मिस्तरीचं नाव मी विचारलं नाही. शेठने ट्रकला मोठे टायर बसवले, तेव्हा स्पीडचा काटा तपासायला एकदाच त्याच्याकडे गेलो होतो. त्याने टायरवर खडूची रेघ मारली, माझ्याकडून ट्रक बरोबर एक फेरा पुढे घेतला आणि उकिडवं बसून जमिनीवर टेप धरला. मग पॅन्टला हात पुसत म्हणाला, "काटाले काय मालूम, दादा? तो आजून जुनाच टायर मोजी राह्यना."

काटा जुळवावा लागेल, मागच्या ॲक्सलचा क्राऊन गिअरही बदलावा लागेल, नाहीतर पुलाच्या चढावर क्लच जळेल, असं त्याने सांगितलं. शेठ फोनवर गुजरातीत एवढंच म्हणाला, "चालशे." म्हणजे आहे तसंच चालेल.

मिस्तरीने वाद घातला नाही. काट्याखाली खडूने लिहिलं : साठ म्हणजे पासष्ट. शेठला दिसलं तर बोंबलेल, म्हणून मी ते वाटेतच पुसलं.

पुढच्याच महिन्यात हजीरा रोडवर एक सायकलवाला माझ्या चाकाखाली गेला. पोलिसांनी वेग विचारला.

"साठ," मी म्हणालो आणि काट्याकडे बोट दाखवलं. खडू पुसला होता तेच बोट.