सगळ्या घराची कावीळ

कावीळ उतरवणाऱ्या माणसांचा मला आजही इतका राग येतो की तसला कोणी समोरून आला तर मी रस्ता बदलतो. न बदलला तर माझा हात उठेल.

माझी थोरली बहीण कल्याणला दिलेली. पोटात पहिलं मूल, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. मी ठाण्याला शाळामास्तर होतो. निरोप मिळताच गेलो तो तिला आगगाडीने ठाण्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरवूनच. मेहुणे मामलेदार कचेरीत कारकून, इंग्रजी शिकलेले. ते म्हणाले, "डॉक्टर कशाला? आपल्याकडे एकजण येतो, पाण्यात कावीळ उतरवतो. डोळ्यांनी पाहा."

पाहिलं. त्या गृहस्थाने ताईला ओटीवर बसवलं, तिच्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला, काहीबाही पुटपुटला आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. पाणी पिवळंजर्द झालं. ताईच्या सासूबाईंनी हात जोडले. ताईसुद्धा हसली. "अरे, उतरतेय बघ," म्हणाली.

माझं डोकं फिरलं. बाह्या सरसावून मी त्याच्यापुढे बसलो. "आता माझे हात धुवा. मला काहीही झालेलं नाही." त्याने तोच रस चोळला, नवी निवळी घेतली. पाणी तसंच पिवळं झालं. "पाहिलंत ना, भावोजी? ही सगळी त्या सालीची करामत आहे." मला वाटलं, मिटलं.

तो इसम शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमच्याही अंगात शिरलीय. बरं झालं, लवकर कळलं."

आणि त्या शिकल्यासवरल्या घराने माना डोलावल्या. मेहुण्यांनी हात पुढे केले, मग सासूबाईंनी, मग जावेने. सगळ्यांची कावीळ निघाली आणि सगळे खूश. मला पानावर नुसता ताकभात वाढला, तेलतूप बंद म्हणून. मी भांडलो, मेहुण्यांच्या पाया पडलो. "उतारा अर्धवट टाकून ती कुठेही जायची नाही," एवढंच ते म्हणाले. बायको त्यांची, माझं काय चालणार?

ताई गेली, पोटातल्या जिवासकट. दवाखान्यात ती वाचलीच असती असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण तिला एकदा तपासायलासुद्धा कोणी नेलं नाही, हे मी कुणालाच माफ केलेलं नाही.

तेराव्याला गेलो तेव्हा सासूबाईंनी मला जवळ बसवून घेतलं. डोळे पुसत, अगदी मनापासून म्हणाल्या, "तिची फार मुरली होती रे. तुझी वेळेवर उतरवली, म्हणून तू तरी वाचलास."