हात डोक्यावर जाईपर्यंत

“हात डोक्यावर जात नाही, तोवर रेडिएशन सुरू करता येणार नाही,” नागपूरचे डॉक्टर म्हणाले. “तीन आठवड्यांत हात मोकळा करून आणा. त्याहून उशीर धोक्याचा आहे.”

माझी पत्नी शैला हिच्या उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपीही पार पडली होती. आता निदान झाले ते ‘फ्रोझन शोल्डर’चे, म्हणजे खांद्याचा सांधा आखडल्याचे. किरणोपचार घेताना हात डोक्यामागे ठेवून निश्चल पडावे लागते. तिचा हात खांद्याच्या उंचीपर्यंतही येत नव्हता.

दोष माझा होता. शस्त्रक्रियेनंतर मिळालेला व्यायामाचा कागद मी फाइलमध्ये नीट लावला आणि पुन्हा उघडला नाही. शैला ‘दुखते’ म्हणाली की मी ‘राहू दे’ म्हणत असे. पाण्याचा पेलाही मीच तिच्या ओठांशी नेत असे. याला मी सेवा समजत होतो. खरे तर तिची वेदना पाहण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

आम्ही कळंबहून रोज यवतमाळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात जाऊ लागलो. तेथील तरुण मॅडमनी गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजण्याच्या साधनाने, पाहिले. सत्तर अंश. मग ‘पेंड्युलम’ शिकवला: पुढे वाकून हात लोलकासारखा झुलू द्यायचा. शैलाला तो सैल सोडताच येईना. ती हाताकडे पाही, मी तिच्याकडे, आणि खांदा अधिकच ताठ होई. पाच दिवसांत जेमतेम पाच अंश वाढले.

सहाव्या दिवशी शेवंताबाई उठल्या. या जवळच्या तांड्यावरच्या बंजारा बाई, मोडलेले मनगट जुळल्यावर व्यायामासाठी येत. “हाताकडं पाहूच नको बाई, माह्याकडं पाह्य,” असे म्हणून त्या गुणगुणत कमरेत वाकल्या, हात गुडघ्यांपाशी झुलवले, टाळी दिली, गिरकी घेतली. शैला त्यांच्यामागून वाकू लागली. मी पुढे धावलो.

“हा दवाखाना आहे, नाचायची जागा नव्हे. तिला इजा होईल!”

“दादा, हात तिचा हाये, भेव तुमाले लागून राह्यलं!”

सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या. “काका, हा पेंड्युलमच आहे. करू द्या.”

मी खाली बसलो. शैलाचा हात झुलत होता.

त्यानंतर मला तो हॉल प्रथमच नीट दिसला. वणीचे एक निवृत्त खाणकामगार योगासनांनी पाठ मोकळी करत होते. निवृत्त शिक्षिका मेश्रामबाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर विपश्यनेतल्यासारखे एकेक पाऊल जाणीवपूर्वक टाकत होत्या. शैला भिंतीवर बोटे चढवू लागली, तेव्हा त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“आधी श्वास सोडा, मग बोट सरकवा. घाई कोणाला आहे?”

“डॉक्टरांना!” शैला म्हणाली.

शरीर मोकळे करण्याच्या इतक्या रीती एका छताखाली नांदत होत्या, आणि मला ठाऊक होती ती फक्त विश्रांती. याची मला लाज वाटली.

एकविसाव्या दिवशी नागपूरला ‘सिम्युलेशन’, म्हणजे किरणांची जागा निश्चित करण्याची तपासणी, होती. उघड्या दारातून मला दिसले: शैलाने हात उचलला आणि तो मध्येच थांबला. मी नकळत उठलो.

“तुम्ही बसा,” ती आतून म्हणाली. तिने सावकाश श्वास सोडला. हात वर गेला, डोक्यामागच्या दांडीला लागला, आणि तिने दांडी घट्ट पकडली.

“सोमवारपासून सुरू करू,” डॉक्टर म्हणाले.

ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली असेल, त्यांना माझी विनंती आहे: व्यायामाचा कागद पहिल्याच दिवशी उघडा. तज्ज्ञांना विचारा, आणि रुग्ण कोणत्या हालचालीत रमतो तेही त्यांना सांगा. माया करा, पण त्या मायेने रुग्णाचा हात बांधू नका.

किरणोपचार संपले, तेव्हा आम्ही संत्रा बर्फी घेऊन यवतमाळच्या त्या हॉलमध्ये गेलो. शेवंताबाईंनी बर्फी तोंडात टाकली आणि मलाच नाचाच्या रिंगणात ओढले. माझे पाऊल चुकले, टाळी उशिरा पडली.

“अहो, वाका ना जरा!” दोन्ही हात उंच करून शैला हसत होती. “काही होत नाही!”

मी वाकलो.